मुका दम

मी आज सोलापुरात आहे, हाताला काम आहे आणि मी बोलतो ते समोरच्याला ऐकू येतं. हे अक्कामुळं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात ती बहुतेक वेळ भिंतीला टेकून विड्या वळत बसलेली दिसेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल, असते घरात एखादी बाई, तशी ही. तसं नाही.

मिलच्या मागच्या पेठेत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं आहेत. त्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत मी राहायचो. मागच्या खोलीत अक्का आणि तिचा नवरा. मूलबाळ नव्हतं. ती मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोलताना, हसताना, शेजारणीशी भांडतानासुद्धा हात चालूच. मला ती 'तम्मी' म्हणायची. तिच्या भाषेत तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. म्हणून मी तिला अक्का म्हणायला लागलो, आणि बहिणीच्या नवऱ्याला ते लोक बावा म्हणतात म्हणून तिचा नवरा माझा बावा झाला. त्या शहरात मला दुसरं नातं नव्हतं.

मी तापीकाठचा. शाळा आठवीत सुटली. सोडली असं म्हणण्यासारखं काही घडलं नाही. एक दिवस गेलो नाही, मग गेलोच नाही. हुतूतू मात्र चांगला खेळायचो. दम लांब होता आणि आवाज मोठा. आमच्या तालुक्याला कबड्डीचे सामने भरले तेव्हा सोलापूरच्या एका मिलचा संघ आला होता. त्यांच्याबरोबर खेळाचं बघणारे साहेब होते. सामना संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सोलापूरला येतोस? बदलीचा पास देतो. चांगला खेळलास, संघ जिंकला, तर कायम करू."

बदली म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी मिलच्या फाटकाशी उभं राहायचं. ज्याच्या खात्यात कुणी गैरहजर असेल तो जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन रांगेतला एखादा निवडतो. निवडला तर त्या दिवसापुरतं काम. कायम म्हणजे त्या रांगेतून सुटका. मला कायम व्हायचं होतं. बाकी काही नको होतं. आईनं तर मी गाडीत बसायच्या आधीच गावभर सांगून टाकलं होतं की पोरगा मिलमध्ये लागला.

गाडीत केम स्टेशनच्या पुढं झोप लागली नाही. बाहेर बघत बसलो. आपण कुठं चाललो याची भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. भीती मला नेहमी उशिरा, बारीकसारीक गोष्टींची वाटते. उद्या रांगेत उभं राहायला जागा मिळेल का, पाण्याचा तांब्या कुणाचा वापरायचा, असल्या.

संघातली सगळी पोरं कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात होती. सावलीचं, आरामाचं काम. संध्याकाळी मैदानावर पाय ताजे राहावेत म्हणून साहेबांनीच तशी सोय केली होती. आमचा कॅप्टन मोडनिंबचा. उंच, काळा, हसला की सगळे दात दिसायचे. पहिल्याच महिन्यात त्याच्या गावी सामना झाला. ट्रकमधून गेलो. मी चढाईला गेलो की लोक गप्प व्हायचे. माझा 'कबड्डी कबड्डी'चा दम असा चालायचा की मध्ये श्वासाची फट सापडायची नाही. सामना झाल्यावर कॅप्टनचे वडील भेटले.

"तूच का रं तो? आरं, म्या जनावरं सोडत हुतो, तितं रस्त्यापल्याड. तितवर तुजा आवाज. म्हनलं, कुनाला मारत्यात का काय!"

कॅप्टन म्हणाला, "आबा, मारत न्हाईत. मारतोय."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मला आतून काळजी वाटते, पण त्या दिवशी वाटली नाही.

तरीही घडीच्या खात्यात माझं मन लागेना. सारखं वाटायचं, खेळ किती दिवस पुरणार? गुडघा गेला, खांदा निखळला, की ही घडी घालायची जागा दुसऱ्या पोराला. मागावर बसणारा माणूस लागतोच. बावा विणकर होते. मी त्यांनाच धरलं, जॉबरच्या मागं लागलो आणि मागखात्यात बदलीवर जायला लागलो. कॅप्टनला कळलं तेव्हा तो चिडला.

"खुळा हायस का? सायबानं सावलीत ठेवलंय, आन् तू जाऊन त्या खडखडाटात बसतोस?"

"हाताला काम राहील म्हणून."

"हाताला ऱ्हाईल. कानाचं काय? तुज्या बावाला विचार जा. तोफ उडाली तरी म्हनंल, कोन आलंय?"

मागखातं ज्यानं पाहिलं नाही त्याला आवाज सांगता येत नाही. लोखंडी माग ओळीनं उभे, प्रत्येकात आडवं सूत नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतोय. दारातून आत गेलं की छातीवर कुणी तरी हात ठेवल्यासारखं होतं. थोड्या दिवसांत तेही होईनासं झालं. आत कुणी आवाज काढून बोलत नाही. काढून उपयोगच नसतो. सगळं बोलणं ओठांवर आणि बोटांवर. तोंड मोठं करून, शब्द ओठांनी घडवून बोलायचं. समोरचा तोंडाकडं बघून समजतो. जॉबर पाठ करून उभा असला की त्याच्या मागं चौघं विणकर त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे, चेहरे देवळात बसल्यासारखे ठेवून. तो वळला की चौघांचे ओठ बंद. एकदा बावांनी मला शिकवताना लांबून ओठांनी सांगितलं, "धोटा बघ, पोरगी नको बघू." खात्यात पोरगी नव्हतीच. मी मागं वळून बघितलं. ते पोट धरून हसले. त्यांचं हसणं पण मला फक्त दिसलं.

मी लवकर शिकलो. धोट्यात नवी कांडी घातली की तिचं सूत छोट्या भोकातून बाहेर काढायचं असतं. तोंड लावून ओढायचं. तोंडात कापसाची चव राहते. भाकरीलाही तीच चव. मला त्याचंही काही वाटेनासं झालं. कानात संध्याकाळी शिट्टीसारखं काही वाजत राहायचं, मग तेही मागं गेलं. सगळं एका जाड कापडामागून यायला लागलं. वाईट नव्हतं ते. काळजीचा आवाजसुद्धा कमी झाला होता.

घरी आल्यावर बावा आणि अक्का ओठांनीच बोलायचे. वर्षानुवर्षं बावांनी घरात आवाज काढलेला नव्हता. ते दारात चपला काढत तोंड हलवायचे आणि आतून अक्का पाण्याचा तांब्या घेऊन यायची. मला पहिल्यांदा गंमत वाटली होती. नंतर त्यात गंमत काय तेही विसरलो. मीही दारात उभा राहून काही म्हणायचो आणि अक्का ते आणून द्यायची. पाणी, साबण, शेंगांची चटणी. सुपातून मान वर करून ती माझ्या तोंडाकडं बघायची आणि उठायची. त्या घरात मला कधीच काही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मैदानावर कॅप्टन अधूनमधून म्हणायचा, "जरा मोठ्यानं रं. पोटातल्या पोटात म्हनतोस का देवाचं?" मी मान हलवायचो. एका सामन्यात पंचांनीही बोट कानाला लावून, आवाज वाढव, अशी खूण केली होती. मी वाढवला. वाढवला असं मला वाटलं.

अंतिम सामना दुसऱ्या एका मिलशी होता. त्या दिवशी संघाला सकाळपासून सुट्टी होती. मी घेतली नाही. मागखात्यात दोन विणकर आले नव्हते आणि आपण नेमके आज नाही म्हटलं तर जॉबर लक्षात ठेवील, असं मला वाटलं. दुपारी भोंगा झाला तसा थेट मैदानावर गेलो. अंगावरचा कापूस कॅप्टननं झटकला. काहीतरी बोलला. मी त्याच्या तोंडाकडं बघून समजलो: "जेवलास का?"

साहेब खुर्चीवर बसले होते. आदल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की चषक आला की कायम करायची पहिली दोन नावं वर जातील, त्यात एक माझं. भिंतीवर, झाडावर माणसं. चुन्याच्या रेषा नव्या मारलेल्या. सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला. शेवटची चढाई माझी होती.

मी गेलो. त्यांचे तिघेच उरले होते. उजव्या कोपऱ्यातला पुढं सरकला, मी त्याच्या हाताला बोटं लावली, तो झेपावला तोवर मी आत वळलो, मधल्याच्या गुडघ्याला पाय लावला आणि मागं पडत पडत मध्यरेषेवर हात टेकला. दोन गडी. मी दम सोडलाच नव्हता. माझ्या छातीत हवा होती, माझे ओठ चालू होते, मला ते ओठ आठवतात, एकेक शब्द घडवत होते. मी उठून दोन्ही हात वर केले.

पंचांनी हात केला तो पलीकडच्या बाजूला. मी बाद.

मला वाटलं, त्यांची चूक झाली. पलीकडची पोरं उड्या मारत होती. भिंतीवरची माणसं तोंडं उघडून काही ओरडत होती. मला फार लांबून, पाणी वाहतं तसं काही ऐकू येत होतं. पंच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दमच नव्हता. निघताना होता, पुढं आवाजच नाही." कॅप्टन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ मला स्वच्छ वाचता आले: "काय केलंस रं हे?"

मागखात्यात सवय झाली होती ती ही. ओठ पूर्ण चालतात, गळा चालत नाही. काम अंगात चढलं, की गळा आपोआप बंद. मी त्या शेवटच्या चढाईत जितका रंगलो तितका मुका झालो. पण हे त्या दिवशी मला कळलं नव्हतं. मी शर्ट घालून घरी आलो. अक्कानं विचारलं. मी सांगितलं, हरलो. तिनं ताट वाढलं. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभा राहिलो. जॉबरनं माझ्या डावीकडचा उचलला, उजवीकडचा उचलला. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग मला बोलणं ऐकू आलं, किंवा दिसलं म्हणा. रांगेतला एक दुसऱ्याला ओठांनी सांगत होता: फुटलाय हा. पलीकडच्यांनी याला फोडला. मी वाचतोय हे त्याला माहीत असावं. त्यानं तोंड फिरवलं नाही. मी रागवायला हवं होतं. मी भोंगा होईपर्यंत उभा राहिलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कुठं जाणार? गावी मी मिलमध्ये लागलेला होतो.

एका संध्याकाळी कॅप्टन घरी आला. संघाचा बनियन आणि बूट परत न्यायला साहेबांनी पाठवला होता. तो दारातच उभा राहिला. अक्का भिंतीशी सूप घेऊन बसली होती.

"सायेब म्हनत्यात, त्यानं मुद्दाम केलं," तो म्हणाला. "म्या म्हनलं न्हाय. पन मला तरी सांग की. लागलं असतं, पडला असतास, त्यांनी धरला असता तर मला कायबी वाटलं नसतं. आवाज बंद? तुजा? मोडनिंबात रस्त्यापल्याड जनावरं बुजत हुती तुज्या आवाजानं. कुनी सांगितलं गप्प ऱ्हा म्हनून?"

मी सांगितलं, मी म्हणत होतो. शेवटपर्यंत म्हणत होतो.

"काय?" तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

"आरं काय तोंड हलवतोस! बोल की!"

अक्काचे हात थांबले. ते मी पहिल्यांदाच बघितलं. अर्धी वळलेली विडी बोटांत तशीच. ती माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात बावा कामावरून आले. त्यांनी दारात चपला काढल्या, कॅप्टनकडं बघून मान हलवली आणि अक्काला ओठांनी म्हणाले, पाहुण्याला चहा ठेव. अक्का ओठांनीच म्हणाली, दूध नाही. ते ओठांनीच म्हणाले, मग मी आणतो. आणि परत चपला घालून गेले.

कॅप्टन दारातून त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. मग अक्का मोठ्यानं बोलली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"बघितला ना, दादा? माझा नवरा असा. आता हा पण असाच झाला. रोज दारात उभा राहून पाणी मागतो. आवाज नाही. मी देते. मला ओठ कळतात, मी देते. मीच सांगायला पायजे होतं, बाबा, तुझा आवाज गेला. मला तरी कुठं कळलं? ह्या घरात आवाज लागतच नाही. चूक माझी हाय. सायबाला सांगा, त्या घरच्या बाईची चूक हाय."

कॅप्टन चौकटीला टेकला. "तुमची कसली चूक, वैनी," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "म्या सांगितलं हुतं तुला. लूमवर जाऊ नगं." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो चहा पिऊन गेला. बनियन त्यानं नेला, बूट ठेवले. विसरला असं दाखवलं.

दोन दिवसांनी परत आला. साहेबांना त्यानं सगळं सांगितलं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. माझ्या जागी कर्नाटकातला एक पोरगा घेतला होता. "चांगला हाय," कॅप्टन म्हणाला. "तुज्याएवढा न्हाय. तू आता फाटकाशी उभा ऱ्हाऊ नगंस, लोक बघत्यात." मी बरं म्हटलं. त्याला ऐकू आलं की नाही ठाऊक नाही.

मी पिशवी भरली. कपडे, टॉवेल, ते बूट. अक्का बघत होती. ती म्हणाली, "कुठं चालला?"

गावी, मी म्हणालो.

तिनं मान खाली घातली आणि पानं कापायला लागली. "कुठं चालला, तम्मी?"

मी परत सांगितलं. ती सुपाकडंच बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो, ओठ मोठे करून सांगितलं. तिनं वर बघितलं नाही. "माझा भाऊ काही बोलतच नाही," ती सुपातल्या तंबाखूला म्हणाली. "मुका हाय वाटतं."

"गावी!" मी ओरडलो. घसा खरवडला. शेजारची कोंबडी पळाली.

"काय नको जाऊ," अक्का म्हणाली. "आता ऐकू आलं. नको जाऊ."

तिच्या मामेभावाचे चार यंत्रमाग होते, पेठेतच, एका पत्र्याच्या खोलीत. बावांनी तिथं शब्द टाकला. मागावरचं काम मला येत होतंच, त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून गेलो. तिथं कुणी कायम नसतं आणि कुणी बदलीही नसतं. खडखडाट तोच. अक्कानं मला एकच अट घातली: मागावर काय करायचं ते कर, घरात ओठ चालणार नाहीत. आणि ती माझ्या तोंडाकडं बघायची बंद झाली. मी दारात आलो की तिची मान खाली. पाणी पाहिजे तर गळ्यातून मागायचं. एकदा मी थकून भिंतीला टेकून बसलो, मागितलंच नाही. ती उठली नाही. तांब्या समोर भरलेला होता. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो. तिचे हात चालू होते. शेवटी मी म्हणालो, "अक्का, पाणी." ती म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हणालो. बावा दोघांकडं बघून हसत होते. त्यांच्याकडं मात्र ती नेहमी वर बघायची.

आवाज परत आला तो मोडनिंबचा नव्हे. जरा फाटका, जाड. कबड्डीला मी परत गेलो नाही. संध्याकाळी मिलच्या मैदानाजवळून येताना पोरांचा दम ऐकू येतो. कान पूर्वीसारखे नाहीत, पण तेवढं येतं. मला त्याचं काही वाटत नाही. वाटायला हवं असं कधीकधी वाटतं. मागं गावी गेलो तेव्हा आई म्हणाली, किती मोठ्यानं बोलायला लागलास रे, शेजारी ऐकतायत. मिलमध्ये असंच बोलावं लागतं, मी म्हणालो. मिलमध्ये नाही, हे अजून तिला सांगितलेलं नाही. जॉबर समोर दिसला तर अजून मी रस्त्याची बाजू बदलतो.

परतल्यावर आईचं ते बोलणं अक्काला सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "तुझ्या आईला एकदा बघायचं मला. तिला सांगते, बाई, तुझा पोरगा मी ओरडायला शिकवला." तिनं नदी बघितलेली नाही, म्हणजे पाणी असलेली मोठी नदी. लग्न होऊन आली तशी ती या पेठेतून फारशी हललेली नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो. एक दिवस मी अक्काला आणि बावांना आमच्या गावी नेईन. आमच्या ओट्यावर तिला बसवीन, समोर तापी दिसते तिथं. त्या दिवशी तिच्या मांडीवर सूप असणार नाही, हाताला पान लागणार नाही. पाणी तिनं मागायचं, आणि मी तिच्या तोंडाकडं बघून, ती आवाज काढायच्या आत, तांब्या घेऊन उभा राहणार.